मोठं सलाईन आणि लसीची तारीख

१६ जानेवारी २०२१ ला देशात कोरोनाची लस टोचायला सुरुवात झाली आणि त्याच आठवड्यात माझं मोठं सलाईन झालं. मोठं सलाईन हे आमच्या घरातलं नाव. औषध म्हणजे रिटुक्सिमॅब. दर सहा महिन्यांनी दवाखान्यात दिवसभर पडून ते थेंब थेंब घ्यायचं. समोरच्या टीव्हीवर लस घेणारी माणसं दाखवत होते. सलाईनचा वेग वाढवायला आलेल्या सिस्टर बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "चला, सुटलो बघा आता सगळे." मीही मान हलवली. लसीला उत्तर द्यायचं काम ज्या पेशींचं, नेमक्या त्याच संपवणारं औषध त्या वेळी माझ्या हातात चढत होतं.

मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, थोडक्यात एमएस. शरीराचं रक्षण करणारी यंत्रणाच मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांवरचं मायलिनचं आवरण परकं समजून खरवडते. आवरण जिथं जातं तिथनं पुढं निरोप धड पोचत नाहीत. २०१६ ला आधी डावा डोळा गेला. गेला म्हणजे पार नाही, पण समोर धुकं आणि बुबुळ फिरवलं की आत कळ. तो सावरतोय तोवर उजव्या हाताची बोटं बधिर. मी कोल्हापुरात, लक्ष्मीपुरीतल्या एका पतसंस्थेत कॅशला होते. नोटा मोजणाऱ्याचं सगळं कसब बोटांच्या टोकात असतं. दोन नोटा चिकटून गेल्या तर डोळ्याच्या आधी बोटाला कळतं. मला कळेना झालं. स्पंजवर बोट ओलं करून तेच बंडल पुन्हा पुन्हा मोजत बसायची आणि काउंटरपुढं रांग वाढत जायची. शेवटी साहेबांनी एक शब्द न बोलता मला खतावणीच्या टेबलावर बसवलं. त्यानंतरचा एमआरआय, पाठीतलं पाणी, स्टेरॉइडची सलाईनं, घरी टोचून घ्यायची इंजेक्शनं, तरीही आलेला पुढचा झटका, म्हणजे आजाराचा नवा हल्ला, आणि २०१९ पासून रिटुक्सिमॅब, हे ज्यांना एमएस आहे त्यांना पाठ आहे. ज्यांना नाही, त्यांना एवढं पुरे.

डॉक्टरांनी मला लसीचं गणित मार्चमध्ये समजावलं. रक्तातल्या बी-पेशींच्या अंगावर सीडी-२० नावाची खूण असते, ती हेरून हे औषध त्यांना संपवतं. एमएसमध्ये या पेशी घात करतात, म्हणून त्यांना घालवायचं. पण लस टोचल्यावर अँटिबॉडी तयार होतात त्या यांच्याकडूनच. सलाईननंतर कित्येक महिने या पेशी रक्तात जवळजवळ सापडतच नाहीत. हळूहळू उगवायला लागतात तोवर पुढचं सलाईन येतं. डॉक्टरांनी जुन्या रिपोर्टच्या पाठीमागं एक आडवी रेघ मारली, एका टोकाला जानेवारी लिहिलं, दुसऱ्या टोकाला जुलै.

"सलाईननंतर निदान बारा आठवडे जाऊ द्यायचे. आणि लस झाल्यावर पुढच्या सलाईनआधी निदान चार आठवडे मोकळे ठेवायचे."

मध्ये उरला तो एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतचा तुकडा. त्याला त्यांनी गोल केला. दोन्ही डोस त्यात बसले तर उत्तम, नाही बसले तर सलाईन थोडं पुढं सरकवू, पण लस सोडायची नाही, असं ठरलं. मी विचारलं, अँटिबॉडी होणारच नसतील तर टोचून घेऊन उपयोग काय? ते म्हणाले, "टी-पेशी आहेत की. त्यांना हे औषध फारसा धक्का लावत नाही. लसीतनं त्या शिकतात. आजार आत शिरला तरी विकोपाला जाऊ नये म्हणून त्याच उभ्या राहतात." आणि निघताना आणखी एक सांगितलं, घरातल्या ज्यांचा नंबर लागेल त्यांनी एक दिवसही थांबू नका. तुमच्यापर्यंत आजार आणणार तेच.

घरी आल्यावर ती रेघ मी कालनिर्णयवर उतरवली. एप्रिल, मे, जूनच्या पानांवर हिरव्या पेनानं खुणा केल्या.

लसीकरणाच्या यादीला मात्र सलाईनबिलाईन काही ठाऊक नव्हतं. तिला फक्त वय कळत होतं. १ मार्चपासून साठीच्या पुढचे, आणि ४५ ते ५९ मधले वीस ठरावीक व्याधींपैकी एखादी असलेले, अशी परवानगी होती. त्या विसांत एमएसचं नाव नव्हतं. पण प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं दीर्घकाळ घेणारे असं एक कलम होतं, त्या मागच्या दारानं आमच्यासारखे आत जाऊ शकत होते. मी मात्र तेव्हा त्रेचाळीस. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे २१ प्रकार आहेत त्यात मल्टिपल स्क्लेरोसिस नावानिशी आहे, त्याचं कार्डही माझ्याकडं आहे. ते घेऊन दादा एका केंद्रावर चौकशी करून आला. तिथल्या बाईंनी कार्ड उलटसुलट करून बघितलं, आपुलकीनं विचारपूस केली आणि म्हणाल्या, "वय भरू दे की ताईंचं, दोन वर्षांचा तर प्रश्न हाय." दादा हसत हसत सांगत आला. मला काही हसू आलं नाही.

आईची लस मार्चमध्येच झाली. १ एप्रिलला ४५ च्या पुढच्या सगळ्यांना मुभा मिळाली तशी दादाची आणि वहिनीची झाली. मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात लस न घेतलेली मोठी व्यक्ती आता मी एकटीच. जिच्यासाठी सगळी घाई, तीच मागं.

आक्का शाहूपुरीत दिलेली. तिचा रोज सकाळी फोन यायचा. "तू घेऊ नको बाई. नसांवर जातंय म्हणं ते." तिला कुणीतरी पाठवलेले मेसेज ती मला वाचून दाखवायची. बाकीचे मेसेज केराच्या लायकीचे होते, पण यातली एक गोष्ट नुसती अफवा म्हणून झटकता येण्याजोगी नव्हती. ऑक्सफर्ड-अ‍ॅस्ट्राझेनेकाच्या लसीची, म्हणजे पुण्याला सीरममध्ये कोविशील्ड म्हणून तयार होणाऱ्या त्याच लसीची चाचणी २०२० मध्ये खरोखरच दोनदा थांबली होती. जुलैमध्ये चाचणीतल्या एकाला नसांची लक्षणं दिसली म्हणून. तपासणीत त्या व्यक्तीला एमएस असल्याचं निघालं आणि त्याचा लसीशी संबंध नाही असं ठरलं. सप्टेंबरमध्ये आणखी एकाला मज्जारज्जूला सूज आल्यासारखी लक्षणं दिसली, तेव्हा पुन्हा थांबवून, छाननी करून पुढं सुरू केली. ही बातमी पहिल्यांदा वाचली तेव्हा माझ्याही पोटात गोळा आला होता. आपल्याच रोगाचं नाव त्या बातमीत!

मग मी मागचं शोधायला लागले. लस आणि एमएस हा वाद जुना निघाला. हिपॅटायटिस बीच्या लसीनं एमएस होतो अशी शंका नव्वदच्या दशकात फ्रान्समध्ये उठली आणि १९९८ मध्ये तिथल्या सरकारनं शाळांमधून ती लस देणं थांबवलं. २००१ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये दोन अभ्यास आले. एकात अमेरिकेतल्या परिचारिकांची माहिती तपासली होती, तिच्यात त्या लसीचा आणि एमएसचा संबंध आढळला नाही. दुसऱ्यात युरोपातले एमएसचे रुग्ण होते, आणि लस घेतल्यानं त्यांचा झटका ओढवण्याचा धोका वाढल्याचं दिसलं नाही. आम्हाला खरी बंदी आहे ती जिवंत विषाणूच्या लसींची. कांजिण्यांची, गोवराची, पिवळ्या तापाची. कोविशील्ड आणि कोव्हॅक्सिन दोन्ही त्यातल्या नाहीत. पहिलीतला विषाणू वाढूच शकत नाही, दुसरीतला मारलेलाच असतो. हे सगळं मी आक्काला बयाजवार सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं, तुझं डॉक्टर काय म्हणत्यात ते कर." वाचन माझं, मान डॉक्टरांना. असू दे.

१ मे ला १८ च्या पुढच्यांना दार उघडलं. उघडलं म्हणजे मोबाइलवर. जिल्ह्यात मोजकीच केंद्रं, संध्याकाळी कधीतरी तारखा दिसायच्या आणि ओटीपी येईपर्यंत केंद्राचं नाव राखाडी व्हायचं. पुतण्या बारावीत, परीक्षेचाच पत्ता नाही म्हणून रिकामा. तो माझा मोबाइल, स्वतःचा, वहिनीचा, तिन्ही मांडून बसायचा. एकदा पन्हाळा तालुक्यातलं एक केंद्र मिळालं असं ओरडला, सगळे जमलो, आणि तेवढ्यात गेलं. त्यातही मला मिळेल ती तारीख नको होती, माझ्या हिरव्या खुणांमधली हवी होती. मेच्या दुसऱ्या आठवड्यात लसीचा साठाच नाही म्हणून राज्यानं १८ ते ४४ चं लसीकरण थांबवलं. डॉक्टरांनी गोल केलेला तुकडा, त्याच्या ऐन मधोमध. आणि १३ मे ला कोविशील्डच्या दोन डोसांतलं अंतर वाढवून १२ ते १६ आठवडे केलं. म्हणजे उद्या कोविशील्ड मिळाली तरी दुसरा डोस ऑगस्टमध्ये. माझ्या सहा महिन्यांच्या फटीत तो बसणार कसा?

मी डॉक्टरांना फोन केला. ते फोनवर शक्यतो दोन वाक्यांच्या पुढं जात नाहीत. त्या दिवशी गेले. कोव्हॅक्सिनचं अंतर चार ते सहा आठवडे आहे, तुमच्या गणितात ती बसते. मिळाली तर ती घ्या, पण तिच्यासाठी अडून राहू नका. जुलैचं सलाईन आपण लांबवू. एमआरआय शांत आहे, दोन महिने सोसतील. दुसऱ्या डोसनंतर चार आठवड्यांनी देऊ.

सलाईन लांबवायचं, हे ऐकायला सोपं वाटतं. मला त्या निर्णयाची लसीपेक्षा जास्त भीती वाटली. २०१९ पासून माझी बोटं टिकून होती ती त्या औषधाच्या जिवावर. एकीकडं जिल्ह्यात रोजचे आकडे वर चढत होते, बाजारपेठ बंद, दुसरीकडं अंगातल्या बी-पेशी परत येऊन काय करतील याचा नेम नाही. दोन धोक्यांत कोणता लहान, हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नव्हतं. डॉक्टरांनीही तसं सांगितलं नाही, आणि म्हणूनच मी त्यांचं ऐकलं.

२१ जूनपासून नवीन धोरण आलं आणि अडथळे सैल झाले. खासगी दवाखान्यात कोव्हॅक्सिनची कमाल किंमत १४१० रुपये ठरलेली. एका दवाखान्यात ती आल्याचं वहिनीच्या भावाकडून कळलं. भर पावसात रिक्षा करून गेलो, दादा आणि मी. आधार तपासलं, नाव निघालं, पैसे भरले. मग एक तरुण डॉक्टर यादी वाचत प्रश्न विचारायला लागले. ताप? अ‍ॅलर्जी? रक्त पातळ होण्याची गोळी? आणि मग, "प्रतिकारशक्ती कमी करणारं काही औषध घेता?"

मी फाइल पुढं केली. त्यांनी रिटुक्सिमॅब वाचलं आणि पेन खाली ठेवलं.

त्यांचंही चूक नव्हतं. जानेवारीत निघालेल्या कोव्हॅक्सिनच्या माहितीपत्रकात अशी औषधं घेणाऱ्यांनी ही लस घेऊ नये असं छापलेलं होतं. आणि सरकारच्या प्राधान्ययादीत नेमके तेच लोक आधी घ्या म्हणून होते. दोन कागद, दोन तोंडं. धोका होतो म्हणून नव्हे, तर अशा लोकांवर चाचणीच झालेली नव्हती म्हणून ती सावधगिरी, असं मला डॉक्टरांनी आधी समजावलं होतं. मी तेच बोलायला गेले, पण लस घ्यायला आलेल्या बाईनं लस देणाऱ्या डॉक्टरला शिकवलेलं कुणाला आवडतं? "तुम्ही थोडं बाजूला बसा मॅडम." बसले. मागच्या रांगेतल्या काकांनी दादाला विचारलं, "काय झालंय त्यास्नी?" दादा म्हणाला, "काय नाही, नसांचं हाय." काकांनी खुर्ची हातभर मागं घेतली. आमच्याकडं नसांचं म्हणजे अर्धांगवायू नाहीतर बाहेरचं, मधलं काही नसतं.

फाइलमध्ये आमच्या डॉक्टरांची चिठ्ठी होती: रुग्णास एमएस आहे, शेवटचं रिटुक्सिमॅब जानेवारीत, कोरोनाची उपलब्ध कोणतीही लस देण्यास हरकत नाही. चिठ्ठीवर भागलं नाही. त्यांना फोन लावून दिला. दोघं इंग्रजीत बोलले, तरुण डॉक्टर बऱ्याचदा "येस सर" म्हणाले, मग माझ्याकडून एका कागदावर सही घेतली. टोचणाऱ्या सिस्टरनी विचारलं, कुठल्या हातात? मी डावा पुढं केला. उजव्या दंडावर कधी टोचलेलं कळतं, कधी कळत नाही. मला हे कळायला हवं होतं.

अर्धा तास बसवून सोडलं. घरी आल्यावर पिठलं-भात जेवले, झोपले. रात्री थंडी वाजून ताप चढला, १०१ च्या पुढं. त्यात लाइट गेली. ज्यांना एमएस नाही त्यांना लसीचा ताप म्हणजे अंग मोडून येणं, एक गोळी, सकाळी मोकळं. आमच्या अंगात ताप आला की जुन्या सगळ्या जागा जाग्या होतात. मायलिन गेलेल्या नसेला थोडी उष्णता वाढली तरी निरोप पुढं नेता येत नाही. विल्हेल्म उथॉफ नावाच्या जर्मन डोळ्यांच्या डॉक्टरानं १८९० मध्येच हे लिहून ठेवलंय. उजवा पाय लाकडासारखा झाला. छातीखाली कुणी पट्टा करकचून ओढल्यागत आवळलं. डाव्या डोळ्यापुढं ते धुकं.

या डोळ्याची माझी एक घरगुती परीक्षा आहे. उजवा डोळा हातानं झाकायचा आणि कालनिर्णयमधल्या रविवारचे आकडे बघायचे. नजर ठीक असेल तर ते ठसठशीत लाल दिसतात. नस सुजली असेल किंवा दमली असेल तर लाल रंग आधी जातो, विटक्या विटेसारखा दिसतो. पुतण्यानं मोबाइलची बॅटरी भिंतीवर धरली. मी अंथरुणातनं बघितलं. जूनचे रविवार सगळे विटलेले.

आई म्हणाली, "आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जाऊया." दादा रिक्षा बघायला जिना उतरलाही होता. मला आतनं वाटत होतं जावं, पण डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. ताप असताना जुनी लक्षणं उफाळली तर तो झटका नव्हे. ताप उतरल्यावरही चोवीस तासांच्या वर टिकली, किंवा कधीच नव्हतं असं काही नवीन आलं, तर फोन. नाहीतर ताप खाली आणा. पॅरासिटामॉल घेतली. वहिनीनं टॉवेल माठातल्या पाण्यात बुडवून पिळून कपाळावर, मानेवर, काखेत ठेवला, गरम झाला की पुन्हा बुडवायचा. पहाटे कधीतरी घाम फुटला. दुसऱ्या दिवशीही अंग तापतच होतं, पण संध्याकाळी उतरलं ते उतरलं. मी पुन्हा उजवा डोळा झाकला. लाल होते.

दुसरा डोस जुलैच्या शेवटच्या आठवड्यात होता. त्या आठवड्यात कोल्हापुरात काय झालं ते इथल्या कुणाला सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट, पाणी पन्नाशी ओलांडून गेलं. शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली, उपसा केंद्रं बुडाली म्हणून शहराचे नळ कोरडे. चहूकडं पाणी आणि प्यायला टँकर. शाहूपुरीत पाणी शिरलं तशी आक्का, भावजी, दोन पोरं आणि तिच्या सासूबाई आमच्याकडं आल्या. तिच्या शेजारची कुंभार मंडळी गणपतीच्या मूर्ती वरच्या मजल्यांवर चढवत होती, तिची पोरं त्या कामात भिजून, खोकत आली. आता घरात माणसंच माणसं, त्यातल्या निम्म्यांनी लस घेतलेली नाही, आणि माझा एकच डोस. मी वर माडीवर एकटी, तोंडाला मास्क. आई जिन्याच्या पायरीवर ताट ठेवून जायची. स्वतःच्या घरात पाहुण्यासारखं, पण पाहुण्यांना वाईट वाटू नये म्हणून वरनंच सगळ्यांशी मोठमोठ्यानं बोलायचं. आक्काला ते लागलं. "आमच्यामुळं तुला कोंडून घ्यावं लागतंय," म्हणाली. मी म्हटलं, तुझ्यामुळं नव्हे, तुझ्या मेसेजांमुळं. बोलायला नको होतं असं वहिनीचं मत. माझं अजून नाही.

दवाखान्यातनं निरोप आला, लस यायचा रस्ता बंद आहे, पाणी उतरल्यावर या. सहा आठवड्यांपर्यंत मुदत होती म्हणून जीव थाऱ्यावर. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात गेलो तर आक्काही रिक्षात येऊन बसली. तिनं तिथंच खिडकीवर विचारलं, "अठ्ठेचाळीस वर्षांच्या बाईला चालतंय न्हवं हे?" त्या दिवशी आम्हा दोघींना टोचलं. मला या खेपेला किरकोळ कणकण आली. आक्का दोन दिवस कण्हत पडली आणि फोन करून करून मलाच लक्षणं विचारत राहिली.

सप्टेंबरच्या सुरुवातीला सलाईन झालं. मधल्या काळात काही बिघडलं नाही.

ऑफिसमध्ये तेव्हा अँटिबॉडी मोजायची हौस सुटली होती. लॅबवाले पॅकेज देत होते, टेबलाटेबलावर आकडे. कुणाचा किती. मी मोजून घेतलं नाही. माझ्या रक्तात अँटिबॉडी दिसल्या नसत्या तर नवल नव्हतं, आणि टी-पेशी काय शिकल्या ते त्या चाचणीत कळत नाही. अर्धा पेपर तपासून नापास ठरवून घ्यायला मी काही तयार नव्हते.

तिसऱ्या डोसचं रडगाणं थोडक्यात सांगते. प्रतिकारशक्ती दबलेल्यांना तिसरा डोस अमेरिकेनं २०२१ च्या ऑगस्टमध्ये, ब्रिटननं सप्टेंबरमध्ये सुरू केला. आपल्याकडं १० जानेवारी २०२२ ला दक्षता डोस आला तो आरोग्य कर्मचाऱ्यांना, आघाडीवर काम करणाऱ्यांना आणि व्याधी असलेल्या साठीच्या पुढच्यांना. पुन्हा वय. १० एप्रिलला सगळ्या प्रौढांना खासगीत पैसे देऊन मुभा मिळाली, तेव्हा माझं मार्चचं सलाईन नुकतंच झालं होतं, म्हणजे बारा आठवडे गप्प. १५ जुलैपासून सगळ्यांना मोफत झाला. त्याच महिन्यात महापालिकेच्या केंद्रावर गेले तर पंखा, दोन सिस्टर आणि मी. यादी नाही, प्रश्न नाहीत, सही नाही. टोचलं आणि चहा घेणार का विचारलं.

कोरोना आटोपला, पण आमच्या लसी आटोपत नाहीत. दरवर्षी फ्लूची. टोचायची चालते, नाकात फवारायची जिवंत विषाणूची नाही. न्यूमोनियाची मला तेव्हा दोन टप्प्यांत सांगितलेली, आधी १३ प्रकारांवरची, मग निदान आठ आठवड्यांनी २३ प्रकारांवरची. हिपॅटायटिस बीची तपासणी रिटुक्सिमॅबच्या आधीच झाली होती, कारण ते औषध झोपलेला हिपॅटायटिस उठवू शकतं. मोठ्या माणसांनी या लसी घ्यायच्या कुठं, हा प्रश्न मात्र सुटेना. सरकारी केंद्रात त्या मोठ्यांसाठी नसतात. मेडिकलवाले मागवून देतात, पण थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून २ ते ८ अंशांत सांभाळत न्यायची जबाबदारी आपली, आणि आमचे फॅमिली डॉक्टर म्हणाले, "माझ्याकडं फ्रिजमध्ये जागा नाही, राजारामपुरीत त्या लहान मुलांच्या डॉक्टरांकडं जा. त्यांच्याकडं रोजचं असतंय."

म्हणून २०२३ च्या जूनमध्ये मी तिथं बसले होते. भिंतीवर हत्ती, ससे. शेजारी एक बाळंतीण, तिचं पोर झबल्यातनं पाय काढून माझ्या फाइलला लाथा मारत होतं. काउंटरवरच्या मुलीनं मान वर न करता विचारलं, "बाळाचं नाव?" मी माझं सांगितलं. "वय?" पंचेचाळीस. तिनं वर बघितलं, हसू दाबलं आणि गुलाबी लसीकरण कार्डावर तेच लिहिलं, वजन-उंचीच्या तक्त्यासकट.

आत डॉक्टरबाईंनी फाइल उघडली. आजवर लसीचं विचारायला गेलं की आधी वयच पुढं यायचं. यांनी विचारलं, "शेवटचं रिटुक्सिमॅब कधी?"

"मार्चच्या सुरुवातीला."

"पुढचं?"

"सप्टेंबरच्या मध्यात धरलंय."

त्यांनी टेबलावरचं कॅलेंडर ओढलं आणि पेनाच्या टोकानं आठवडे मोजले. "मग फ्लू आणि न्यूमोनियाची पहिली आज. दुसरी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, पुढं सलाईनला चार आठवड्यांच्या वर राहतात. बसतंय. ताप आला तर दुखणं उफाळतं ना तुमचं? मग दोन्ही एका दिवशी नको वाटत असेल तर न्यूमोनियाची आज, फ्लूची पुढच्या आठवड्यात घ्या."

मी म्हटलं, दोन्ही आजच द्या, एकाच तापात उरकू दे. बाहेर त्या झबल्यातल्याला टोचलं असावं, त्यानं दवाखाना डोक्यावर घेतला होता.